शेपरची सही: मुंबई, मस्कत आणि जहाजं घडवणारे हात

गेल्या जुलैत मी ओमानच्या पूर्व किनाऱ्यावर अल अश्खरा नावाच्या गावी एक सर्फबोर्ड फोडला. बोर्ड माझा नव्हता, मस्कतमध्ये नोकरी करणाऱ्या मावसभावाचा होता. जुलैत बरंचसं ओमान भट्टीसारखं तापलेलं असतं, पण अश्खरापासून मसीराह बेटापर्यंतच्या पट्ट्यात नैऋत्य मोसमी वारा घोंगावत असतो. कोकणात जो पाऊस घेऊन येतो तोच हा वारा. इथे तो पावसाचा थेंब देत नाही, नुसत्या लाटा देतो. त्यातल्या एका लाटेनं मला आणि बोर्डाला खडकावर आपटलं. मला खरचटलं आणि बोर्डाच्या शेपटीकडे तळहाताएवढा खड्डा पडला.

गावात सर्फबोर्डचं दुकान वगैरे काही नाही. मच्छीमारांच्या फायबरच्या होड्या दुरुस्त करणारं एक वर्कशॉप मात्र होतं. तिथल्या मल्याळी कारागिरानं बोर्ड उलटासुलटा केला, कडेवरून तळवा फिरवला आणि फुटलेलं फायबर कापायला घेतलं. आतला पांढरा फोम उघडा पडला आणि बोर्डाच्या मधोमध जाणाऱ्या पातळ लाकडी पट्टीवर पेन्सिलीनं लिहिलेलं काहीतरी दिसलं. लांबी, रुंदी, जाडी आणि एक गिचमिड सही.

ही सही शेपरची असते. सर्फबोर्ड बनवणाऱ्याला सर्फर लोक शेपर म्हणतात. फोमचा एक ओबडधोबड ठोकळा घ्यायचा, रंधा आणि सँडपेपर मारत त्याला आकार द्यायचा, मग पेन्सिलीनं मापं टाकून सही करायची आणि वरून फायबर चढवायचं. सही त्या पारदर्शक थराखाली कायमची राहते. मी लगेच तिचा फोटो काढला, मापं वहीत उतरवली. दोन तासांनी बोर्ड घेऊन निघालो. दुरुस्ती इतकी बेमालूम होती की खड्डा कुठे होता ते बोटांनाही कळत नव्हतं.

त्या कारागिराचं नाव मी विचारलंच नाही, हे मस्कतच्या रस्त्याला लागल्यावर लक्षात आलं. माझ्याकडे इतिहासातली डॉक्टरेट आहे, हेही इथे नोंदवून ठेवते.

आमच्या पॉडकास्टच्या हिंदी महासागरावरच्या एपिसोडनंतर तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतं, की व्यापाऱ्यांबद्दल आणि राजांबद्दल इतकं बोललात, पण जहाजं बनवली कुणी? उत्तर द्यायला उशीर झाला, कारण या प्रश्नाला कागद फारसे साथ देत नाहीत. पण मुंबई आणि मस्कत यांच्यामधल्या समुद्रात जहाज घडवणाऱ्यांची एक लांबलचक गोष्ट आहे, आणि तिच्यातली काही नावं सापडतात.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू. ओमानला खलाशी आहेत, बंदरं आहेत, हजारो वर्षांचा दर्यावर्दी अनुभव आहे, पण जहाजाला लागतं तसलं लाकूड नाही. साग यायचा मलबारातून. दोर वळायला नारळाचा काथ्या यायचा मलबारातून आणि लक्षद्वीप-मालदीवच्या बेटांवरून. म्हणजे अरबी जहाज म्हणून आपण ज्याचं चित्र डोळ्यांसमोर आणतो, त्याचं शरीर बरंचसं आपल्या बाजूच्या किनाऱ्यावर वाढलेलं असायचं. शब्दही असेच इकडून तिकडे गेले. आपला 'नाखवा' आणि ओमानी 'नाखुदा' एकच, मूळ फारसी. 'सुकाणू' अरबी 'सुक्कान'वरून आला. 'मोसम' तर अरबीच. कोळीवाड्यातल्या आजोबांना यातला कुठलाच शब्द परका वाटणार नाही.

दुसरी गोष्ट, ही जुनी जहाजं ठोकलेली नव्हती, शिवलेली होती. फळीच्या कडेला भोकं पाडायची, शेजारच्या फळीला तशीच भोकं पाडायची, सांध्यावर काथ्याची गादी ठेवायची आणि सुंभानं गच्च आवळत टाके घालत जायचं. लोखंडाचा खिळा कुठेच नाही. आधी सांगाडा उभा करून त्यावर फळ्या मारायच्या, ही युरोपातली नंतरची पद्धत. इथे उलट होतं. आधी फळ्यांचं कवच तयार व्हायचं आणि मग आतून वाक, म्हणजे फासळ्या बसवल्या जायच्या. त्यामुळे जहाजाचा आकार आराखड्यात नसायचा, मिस्त्रीच्या डोळ्यांत असायचा. पहिल्या दोनतीन फळ्या त्यानं कशा वाकवल्या यावर पुढचं सगळं ठरायचं. सर्फबोर्डचा शेपर जे करतो ते हेच, फक्त साठ-सत्तर फुटांच्या मापात.

बाहेरून आलेल्यांना ही जहाजं बघून धडकी भरायची. मार्को पोलोनं होर्मुझला ती पाहिली आणि अगदी टाकाऊ ठरवली. लोखंड नाही, काथ्याच्या दोऱ्यानं शिवलेली, अर्धीअधिक बुडतात, असं त्याचं मत. चौदाव्या शतकातला इब्न बतूता मात्र अशा जहाजांतून प्रत्यक्ष फिरला होता, आणि त्याचं म्हणणं वेगळं आहे. या समुद्रात खडक फार, खिळे मारलेलं जहाज आपटलं की फुटतं, शिवलेलं लवचिक असल्यानं निभावून नेतं. मला इब्न बतूताचं पटतं, आणि अश्खराच्या खडकानंतर जरा जास्तच पटतं. मद्रासच्या किनाऱ्यावर बंदर नव्हतं तेव्हा फुटणाऱ्या लाटांतून माणसं आणि माल किनाऱ्याला आणायचं काम मसुला नावाच्या शिवलेल्या होड्या करायच्या. इंग्रज त्यांना सर्फ बोटच म्हणत. गोव्यात रापण ओढणाऱ्या मच्छीमारांकडे शिवलेल्या फळ्यांच्या होड्या अगदी आपल्या काळापर्यंत टिकल्या.

पोर्तुगीज आले आणि खिळा हळूहळू जिंकला. १५०७ साली त्यांनी मस्कत घेतलं, १६५० मध्ये ओमानींनी त्यांना तिथून हाकललं, पण दीडशे वर्षांत जहाजाची पाठ बदलली होती. बगला आणि घंजा या मोठ्या जहाजांचा मागचा भाग युरोपीय पद्धतीनं सपाट आणि कोरीव झाला, फळ्या खिळ्यांनी बसू लागल्या. सूर हे ओमानचं जहाजबांधणीचं गाव अशा जहाजांसाठी गाजलं. तिथे आजही 'फतह अल खैर' नावाचा घंजा जपून ठेवलाय. तो विकला जाऊन येमेनला पोचला होता. सूरच्या लोकांनी पैसे जमवून १९९३ मध्ये तो परत आणला. गावानं वर्गणी काढून जहाज परत आणावं, हे मला फार आवडतं.

आता मुंबईकडे येऊ. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी मिस्त्री सुरतेहून मुंबईला आले, कंपनीसाठी गोदी उभी करायला. पुढची शंभराहून जास्त वर्षं मुंबई गोदीचे मुख्य मिस्त्री याच घराण्यातले होते. सागवानी जहाज ओकच्या जहाजापेक्षा कितीतरी जास्त टिकतं, हे कळल्यावर ब्रिटिश नौदलानंही इथून युद्धनौका बांधून घेतल्या. १८१० मध्ये 'मिंडेन', १८१३ मध्ये 'कॉर्नवॉलिस', १८१७ मध्ये 'ट्रिंकोमाली'. हाँगकाँग ब्रिटिशांच्या घशात घालणारा १८४२चा नानकिंगचा तह याच 'कॉर्नवॉलिस'वर झाला. मुंबईच्या सागवानाचं कर्तृत्व सगळं अभिमानानं सांगण्यासारखं नाही, एवढं लक्षात असू द्या.

मस्कतच्या सय्यद सईद बिन सुलतान यांनी, ज्यांना इंग्रज मस्कतचा इमाम म्हणत, याच गोदीला गिऱ्हाईक म्हणून निवडलं. त्यांचं राज्य ओमानपासून झांझिबारपर्यंत पसरलेलं होतं, म्हणजे मधे नुसता समुद्र. १८२६ मध्ये नवरोजी जमशेदजी वाडियांच्या कारकिर्दीत मुंबईत त्यांच्यासाठी ७४ तोफांचं 'लिव्हरपूल' पाण्यात उतरलं. त्या काळात ७४ तोफांचं जहाज म्हणजे ब्रिटिश आरमाराच्या मुख्य फळीत शोभेल असं. दहा वर्षांनी सुलतानांनी ते चक्क इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याला भेट दिलं. एवढा हत्ती पोसणं जड जात असावं, असा माझा आपला अंदाज, पण मुत्सद्दीपणा तर होताच. इंग्रजांनी त्याचं नाव बदलून 'इमाम' केलं. ते शेवटी जमैकातल्या पोर्ट रॉयलला उभं राहिलं आणि १८६० च्या दशकात तिथेच मोडीत निघालं. मलबारचा साग, मुंबईचे सुतार, मस्कतचा मालक आणि शेवट कॅरिबियनमध्ये.

दुसरं जहाज 'सुलताना'. हे १८३३ मध्ये माझगावला बांधलं. ३० एप्रिल १८४० ला ते न्यूयॉर्क बंदरात शिरलं, तेव्हा बघायला ही गर्दी लोटली. अमेरिकेला पोचलेलं हे पहिलं अरब दूतमंडळ मानतात. जहाजावर खजूर, गालिचे, कॉफी, हस्तिदंत, लवंगा, आणि राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरन यांच्यासाठी दोन अरबी घोडे. सुलतानांचे दूत अहमद बिन नअमान यांचं एडवर्ड मूनी नावाच्या चित्रकारानं व्यक्तिचित्र काढलं. प्रवासात जहाजाची दशा झाली होती, ती न्यूयॉर्कच्या नौदल गोदीनं अमेरिकी सरकारच्या खर्चानं सुधारून दिली. आणि हेही सांगायला हवं, की या वैभवामागच्या झांझिबारच्या लवंगांच्या बागा गुलामांच्या कष्टांवर उभ्या होत्या.

दूताचं चित्र राहिलं. घोड्यांचीही नोंद राहिली. माझगावला ते जहाज तासणाऱ्या सुतारांपैकी मला कोण सांगता येतं? एकही नाही. वाडियांची नावं आहेत, कारण ते मुख्य मिस्त्री होते, आणि कंपनी त्यांना चांदीच्या पट्ट्या भेट द्यायची. त्यांच्या हाताखाली शेकडो माणसं राबत होती. त्यांच्या नावांचा रकाना कुणी आखलाच नव्हता.

वाडियांनाही सही करायची मुभा सहज नव्हती. जमशेदजी बोमनजींबद्दल एक गोष्ट सांगतात. १८०० साली बांधलेल्या एका जहाजाच्या पोटात, कुणाला दिसणार नाही अशा लाकडावर, त्यांनी एक ओळ कोरली: हे जहाज एका शिवी दिलेल्या काळ्या माणसानं बांधलंय. बऱ्याच वर्षांनी जहाज दुरुस्तीला आलं तेव्हा ती त्यांनीच साहेबांना दाखवली म्हणे. गोष्ट तंतोतंत खरी असो की तिला मीठमसाला लागलेला असो, ती घराण्यात आणि गोदीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, आणि मला त्यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. गोऱ्यांच्या शिव्या खाणाऱ्याची सही फायबरखाली नव्हे, सागाच्या आत लपवावी लागली.

इथे परदेशात शिकणाऱ्यांसाठी एक आडवाट. वाफेची जहाजं आली तेव्हा वाडियांनी ओळखलं की आता नुसता डोळा पुरणार नाही. घराण्यातले जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी १८३८ मध्ये इंग्लंडला गेले, चॅथमच्या गोदीत शिकले आणि १८४१ मध्ये आपल्या मुक्कामाचं पुस्तकही छापलं. त्याच वर्षी याच घराण्यातले अर्देसर करसेटजी रॉयल सोसायटीचे फेलो झाले, पहिले भारतीय. त्यांच्यापुढचा प्रश्न आपल्याही ओळखीचा आहे. घरचं कसब तिथे घेऊन जायचं, तिथलं इथे आणायचं, आणि या येण्याजाण्यात हातातलं काय निसटतं? त्यांच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. लोखंड आणि वाफेपुढे सागवानी जहाजांचा काळ संपत गेला आणि मिस्त्रीपदही घराण्याकडे राहिलं नाही.

शिवलेल्या जहाजांचं काय झालं? ती त्याआधीच मोठ्या समुद्रातून हटली होती. टाके घालायचं कसब लक्षद्वीप, केरळ, गोवा, ओमानचा धोफार अशा कोपऱ्यांत, लहान होड्यांपुरतं उरलं. आणि ते वाचायला कारण ठरली ओमानची हौस. हौस म्हणते, पण मला ते मनापासून कौतुकानं म्हणायचंय.

१९८० मध्ये टिम सेव्हरिन या ब्रिटिश लेखक-प्रवाशाला सिंदबादच्या वाटेनं चीनला जायचं होतं. सुलतान काबूस यांनी खर्च उचलला. सूरच्या किनाऱ्यावर 'सोहार' नावाचं सत्त्याऐंशी फुटी जहाज उभं राहिलं. लाकूड मलबारातलं, ऐनी नावाचं. सूरचे सुतार कसलेले होते, पण शिवणार कोण? त्यासाठी लक्षद्वीपहून माणसं आणली. शेकडो मैल सुंभ लागलं. पाण्याखालच्या भागाला चुना आणि चरबीचा लेप दिला, किड्यांनी लाकूड पोखरू नये म्हणून. १९८० च्या नोव्हेंबरात निघालेलं 'सोहार' पुढच्या जुलैत कँटनला पोचलं. मस्कतला गेलात तर अल बुस्तान पॅलेस हॉटेलजवळच्या चौकात ते उभं दिसेल. टॅक्सीवाले त्याला वळसा घालून जातात, थांबत कुणी नाही.

मग १९९८. इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातलं एक बुडालेलं जहाज सापडलं. पोटात चिनी मातीची साठेक हजार भांडी, आणि फळ्या शिवलेल्या. दहा वर्षांनी ओमाननं ठरवलं की असंच जहाज बांधून सिंगापूरला भेट द्यायचं. मस्कतजवळच्या कंतब गावी 'ज्युवेल ऑफ मस्कत' बांधलं गेलं. लांबी अठरा मीटर, बांधणीचे प्रमुख टॉम व्होस्मर. फळ्यांना हातानं पाडलेली भोकंच तीस हजारांवर. आणि टाके घालायला पुन्हा आपल्या किनाऱ्यावरची माणसं, या वेळी केरळची. त्यांचे मुख्य होते बाबू शंकरन. २०१० च्या फेब्रुवारीत जहाज निघालं, कोचीन, गॉल, पेनांग करत जुलैत सिंगापूरला पोचलं.

बाबू शंकरन हे नाव लक्षात ठेवा.

गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांची बोटींची गोदी आहे. शिडाच्या बोटीतून एकट्यानं जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ज्या 'म्हादेई'तून गेले, ती दांडेकरांनी बांधली. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी ज्या 'तारिणी'तून गेल्या तीही त्यांचीच. दोन्ही फायबरग्लासच्या, म्हणजे सर्फबोर्डच्या नात्यातल्या. मग आलं अगदी उलट्या जातीचं काम. अर्थतज्ज्ञ संजीव सान्याल यांच्या कल्पनेतून सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि दांडेकरांची होडी इनोव्हेशन्स यांच्यात २०२३ मध्ये करार झाला, की पाचव्या शतकातल्यासारखं एक शिवलेलं जहाज बांधायचं. नमुना कुठला? अजिंठ्याच्या भिंतीवरचा.

अजिंठ्यातलं ते जहाज तुमच्यापैकी अनेकांनी सहलीत, टॉर्चच्या उजेडात पाहिलं असेल आणि पुढे सरकला असाल. मीही तेच केलं होतं. चित्रकारानं शिडं, वल्ही, मडकी सगळं दाखवलंय, पण पाण्याखालचा भाग कसा होता ते भिंत सांगत नाही. त्यासाठी नौदलाच्या तंत्रज्ञांनी हिशेब केले, मद्रासच्या आयआयटीत प्रतिकृतीच्या चाचण्या झाल्या. आणि टाके घालायला केरळहून आपली माणसं घेऊन आले तेच बाबू शंकरन. सप्टेंबर २०२३ मध्ये कणा, ज्याला जुन्या मराठीत पठाण म्हणत, तो बसवला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरलं. मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल होताना त्याचं नाव ठेवलं 'कौंडिण्य', आग्नेय आशियात गेलेल्या दंतकथेतल्या खलाशावरून.

२९ डिसेंबर २०२५ ला 'कौंडिण्य' पोरबंदरहून निघालं. सतरा दिवसांनी, जानेवारीच्या मध्यावर, ते मस्कतच्या सुलतान काबूस बंदरात शिरलं. पहिल्याच मोठ्या सफरीला ओमान निवडणं साहजिक होतं. बातम्यांमध्ये भारत-ओमान मैत्रीची पाच हजार वर्षं वगैरे आली. मला दिसलं ते वेगळं. जे कसब आपल्याकडे लहानसहान होड्यांपुरतं उरलं होतं, त्याला मोठ्या जहाजाचं काम मस्कतनं दिलं, एकदा नव्हे दोनदा. हात चालू राहिले ते त्या कामामुळे. त्यातले बाबू शंकरन यांचे हात गोव्यात आले आणि त्यांनी शिवलेलं जहाज परत मस्कतला गेलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण आपण हट्टी माणसासाठी वापरतो. इथे ती कौतुकानं वापरायला हरकत नाही.

आणि सरकारी पत्रकात मुख्य मिस्त्री म्हणून बाबू शंकरन यांचं नाव छापलं गेलं. माझगावच्या 'सुलताना'च्या सुतारांना जे मिळालं नाही ते इथे एकाला तरी मिळालं. टाके घालणाऱ्या बाकीच्यांची नावं कुठल्या फाइलीत असतील तर ती शोधायची माझी तयारी आहे. ही कामं अशी वारंवार निघत नाहीत. १९८०, २००८, २०२३. मधल्या वर्षांत टाके घालणाऱ्यानं पोट कशावर भरायचं आणि मुलाला हे का शिकवायचं, याचं उत्तर 'वारसा' हा शब्द देत नाही. अश्खराच्या वर्कशॉपमधला माणूस फायबरच्या होड्या दुरुस्त करतो, कारण रोज काम असतं ते तिथे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी हार्टलपूलला जाऊन 'ट्रिंकोमाली' नक्की बघावी. ब्रिटिशांची अजून तरंगणारी ती सगळ्यात जुनी युद्धनौका, १८१७ ची, मुंबईची. खालच्या मजल्यावर उतरलात की वाकून चालावं लागतं. तिथल्या सागावर हात फिरवून बघा. अश्खराला मी पुन्हा जुलैत जाणार आहे. बोर्ड मावसभाऊ देणार नाही म्हणतो, पण वर्कशॉपचा पत्ता माझ्याकडे आहे.